मीनाचा बाजार

आकाशपाळणा हिसका देऊन थांबला तेव्हा अनुराधाला वाटलं, खाली कुणी तरी उतरत असेल. मघापासून तो तसाच थांबत थांबत फिरत होता, एकेका पाळण्यात माणसं भरत. पण या वेळचा हिसका वेगळा होता. पाळणा आधी मागे गेला, मग पुढे, आणि इतका वेळ पायांखालून चढून दाढांपर्यंत पोचणारी इंजिनाची घरघर एकदम नाहीशी झाली. त्या दोघी अगदी माथ्यावर होत्या. वर नुसतं माघातलं कोरडं आकाश. तिनं डावा हात मीनाच्या पाठीमागून घालून तिच्या बरगड्या धरल्या होत्या, उजव्या हातानं समोरची लोखंडी दांडी, आणि शिवाय दोघींच्या कमरेभोवती स्वतःची शाल गुंडाळून गाठ मारली होती. ती गाठ आता तिच्या पोटात रुतत होती. आपण श्वास घेतला तरी पाळणा हलतो असं तिला वाटलं, म्हणून तिनं तो थोडा थोडा घ्यायला सुरुवात केली.

"थांबला," मीना म्हणाली.

"हो. होईल चालू आता. तू खाली पाहू नको."

"मग कुठी पाहू? वर तर काहीच नाही."

दर वर्षी कापसाची वेचणी उरकत आली, लोकांच्या खिशात थोडं खुळखुळायला लागलं, की पांढुर्ण्याला जाम नदीच्या कडेच्या मैदानात मीना बाजार लागायचा. मीना चार वर्षांची असताना तिच्या बापानं, मुकुंदनं, तिला सांगून टाकलं होतं की हा बाजार तुझ्या नावाचा आहे, तुझ्यासाठीच येतो. तिनं ते खरं मानलं होतं. त्या वर्षी अनुराधानं तिला कडेवर घेऊन सगळा बाजार फिरवला, आणि मीना प्रत्येक दुकानदाराकडे मालकिणीसारखी पाहत होती. आता ती अकरा वर्षांची होती, आणि तरी 'माह्या बाजारात' असंच म्हणायची, गमतीनं, थोडं आईच्या तोंडाकडे पाहत. या वर्षी तिनं एकच गोष्ट मागितली. पाळणा. रोज जेवताना मागितली. शेवटी मुकुंदनं दुकानात जाता जाता चपला घालत म्हटलं, "बसव ना तिले एकदा. काय होते?" काय होते, हे त्याला काय सांगायचं! तिनं मनाशी ठरवलं होतं की न्यायचं, पाळण्यापर्यंत न्यायचं, आणि पाळणेवाला नाही म्हणेल.

तो नाही म्हणेल याची तिला खात्री होती. जिथं जिथं ती मीनाला घेऊन गेली तिथं तिथं दाराशी उभा असलेला माणूस आधी मीनाच्या चाकांच्या खुर्चीकडे पाहायचा, मग मीनाच्या पायांकडे, मग अनुराधाच्या कपाळाकडे, जणू उत्तर तिथं लिहिलेलं आहे, आणि मग आवाज मऊ करून नाही म्हणायचा. त्या नकाराशी तिची जुनी ओळख झाली होती. नकार आला की मीना गप्प व्हायची, मग अनुराधा तिला जवळ घ्यायची, काही तरी गोड घेऊन द्यायची, आणि त्या जवळ घेण्यात दोघींनाही बरं वाटायचं. आज मात्र हिरामण म्हणून जो पाळणेवाला होता, काळ्या बनियनवर मफलर गुंडाळलेला, त्यानं खुर्चीकडे पाहिलंच नाही. "बिटिया बैठेगी? आओ," म्हणाला, आणि अनुराधाचं तोंड उघडायच्या आत त्यानं मीनाला दोन्ही बगलांत धरून पाळण्यात ठेवलं, पाण्याची घागर ठेवावी तसं, नीट, तळ टेकलाय की नाही ते बघून. मग राहिली अनुराधा. तिनं एकटीनं खाली उभं राहणं शक्य नव्हतं.

खालून भोंग्यावर आवाज आला. "पट्टा उतर गया है, भाइयों-बहनों. कोई हिलना मत. सबको उतारते हैं." मग तो आवाज मौत के कुएँमधल्या मोटारसायकलीत बुडून गेला. अनुराधाच्या तळव्यांना घाम आला होता आणि दांडी बर्फासारखी गार होती. उंचीची भीती तिला लहानपणापासून. सौंसरला बापाच्या बागेत संत्र्याची तोड चालली होती, सगळे जेवायला बसलेले, ती आठ वर्षांची, शिडीवर चढून बसली आणि मग तिला उतरता येईना. वडील, यशवंतराव, खाली येऊन उभे राहिले, "उतर" म्हणाले, थोडा वेळ पाहिलं आणि व्यापाऱ्याशी बोलायला निघून गेले. त्यांच्या धोतराचा पांढरा रंग झाडांतून लांब जाताना तिला अजून दिसतो. ती कशी उतरली ते मात्र अजिबात आठवत नाही. आपल्या पोरीच्या बाबतीत आपण असं कधी निघून जाणार नाही, हे तिनं केव्हा ठरवलं तेही आठवत नाही, पण ठरवलेलं होतं. मीनाचे पाय गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. ताप उतरला म्हणून सकाळी अनुराधानं तिला अंगणात उभं केलं आणि ती ओल्या कपड्यासारखी खाली गेली. त्यानंतरची सात वर्षं अनुराधाच्या डाव्या कडेवर. तिच्या सगळ्या साड्या त्या बाजूनं विरलेल्या. नागपूरच्या एका शिबिरात खुर्ची मिळाली तेव्हा सगळे म्हणाले, सुटलीस बाई. सुटली होती हे खरं. पण पहिले काही दिवस भाजी चिरताना, वर्गात फळ्यावर लिहिताना, तिचा डावा खुबा आपोआप बाहेर निघायचा, आणि तिथं कुणी नसायचं. मीनाच्या केसांचा तेलकट, उन्हात तापलेला वास नाकाशी असायचा, तो आता खुर्चीच्या मागे उभं राहिल्यावर वाऱ्यावर कधी तरी यायचा. ही गोष्ट तिनं मुकुंदलाही सांगितली नव्हती. सांगण्यासारखी ती नव्हतीच.

"ते आपलं दुकान होय," मीना म्हणाली. "अन् ते कापसाचं जिनिंग. अन् तिकडे नदीपल्याड सावरगाव. नदी केवढीशी आहे पाह्य ना आई. एवढ्याशा नदीसाठी गोटमारीत दोन्ही गावं गोटे मारून डोकी फोडून घेतात."

"बोटं दाखवू नको. हलते."

"तूच थरथरून राहिली म्हणून हलते."

वारा सुटला होता आणि मीनाचे पाय पाळण्याच्या कडेला लागून आपले आपण झुलत होते. खाली असताना ते पाय नेहमी कशावर तरी ठेवलेले असत, खुर्चीच्या पट्टीवर, उशीवर, आणि ठेवलेल्या वस्तूसारखे दिसत. इथं सगळ्यांचेच पाय लोंबत होते. पुढच्या पाळण्यातल्या जाड्या माणसाचे, त्याच्या बायकोचे, आणि मीनाचे. अनुराधाचं लक्ष त्या पायांवर गेलं आणि तिथून, नको म्हणता म्हणता, खाली गेलं. तिथं मैदान होतं, माणसांची डोकी होती, आणि तिकिटाच्या मेजाजवळ तिनं स्वतःच्या हातानं ठेवलेली खुर्ची नव्हती.

मग ती दिसली. धुळीच्या मोकळ्या पट्ट्यात चालली होती, एकटी असल्यासारखी, कारण वरून ढकलणारा पोरगा नुसता एक डोक्याचा ठिपका होता. खुर्चीत हिरव्या स्वेटरचं एक पोरगं बसलं होतं. मागे आठ-दहा पोरं धावत होती. खुर्ची मौत के कुएँपर्यंत गेली, गर्रकन वळली, परत आली. हिरवं स्वेटर उतरलं, दुसरं कुणी बसलं. अनुराधाच्या कानशिलात काही तरी तापलं. "ए," ती ओरडली. "ए पोरांनो, ठेवा ते." तिचा वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज इथं पाळण्याच्या कडेपर्यंतही गेला नाही. जाडा माणूस मागे वळून पाहू लागला, त्यानं पाळणा हलला, आणि ती गप्प झाली.

"ओरडू नको ना," मीना म्हणाली. ती पुढे वाकली होती, दांडीवर हनुवटी ठेवून. "ते लाल फितीवाली पोरगी पाह्य. तिले येते. वळवताना एक चाक धरून ठेवावं लागते, हे तिले कोणी सांगतलं?"

"मोडतील ते."

"नाही मोडत. मी किती आपटली आहे, मोडली का?"

खुर्ची एका गोट्याला अडखळली आणि आडवी झाली. आत बसलेलं पोरगं धुळीत गेलं. अनुराधाच्या तोंडून काही तरी निघालं, आणि त्याच वेळी शेजारून हसण्याचा आवाज आला. मीना हसत होती, पोट धरून, शालीच्या गाठीसकट. खाली पोरांनी खुर्ची उभी केली, लाल फितीवालीनं आपल्या फ्रॉकनं बैठक पुसली, मग दोन्ही हात पसरून पोरांना मागे सारलं आणि त्यांची रांग लावली. रांग लागलीसुद्धा. पाळणा बंद पडल्यामुळे रेंगाळणारी आणखी पोरं त्या रांगेत येऊन उभी राहायला लागली. अनुराधा पाहत राहिली. तिला राग यायला हवा होता, आणि तो आलाही होता, पण तो कुठं ठेवावा हे कळत नव्हतं. ती खुर्ची तिनं दोन वर्षं पुसली होती, चाकांना तेल घातलं होतं, पाहुणे आले की आतल्या खोलीत नेऊन ठेवली होती. लोकांच्या नजरा त्या खुर्चीला चिकटतात हे तिला ठाऊक होतं. पण कुणी तिच्यासाठी रांगेत उभं राहील असं तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"आई," मीना खालीच पाहत म्हणाली, "एक सांगू? रागावशील."

"सांग."

"मले वाघ नव्हता दिसला."

अनुराधाला क्षणभर कळेना. मग कळलं. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत ते तिघं नागपूरला गेले होते, प्राणी पाहायला. मुकुंदनं खुर्ची गाडीच्या डब्यात चढवली, उतरवली, आणि बागेत दिवसभर अनुराधानंच ती ढकलली, कुणाला हात लावू दिला नाही. वाघाच्या पिंजऱ्यापाशी गर्दी होती. तिनं लोकांना सरकवत, चुकलं हं, सरका हो जरा, असं करत खुर्ची अगदी बाहेरच्या कठड्याला नेऊन भिडवली, मीनाच्या मागे वाकून, तिच्या खांद्यावरून बोट दाखवत म्हणाली, तो बघ, तो बघ कसा उठला. दिसला? आणि मीना म्हणाली, दिसला. त्या एका शब्दावर अनुराधा तेव्हापासून जगत आली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं होतं, आमच्या मीनानं वाघ पाहिला. तिच्याकडून निबंध लिहून घेतला होता, 'मी पाहिलेला वाघ', आणि त्याला पाचवीच्या बाईंनी शाबासकी दिली होती.

"निबंध लिहिलास ना तू."

"पुस्तकातल्या चित्रावरून लिहिला. माह्या समोर तो आडवा पाइप होता अन् पाइपाच्या खाली मेंदीचं कुंपण. मले शेपटीचं टोक दिसलं. ते हलत होतं. तेवढं खरं होतं निबंधात."

"मग दिसला काहून म्हणालीस?"

मीनानं थोडा विचार केला. "तू घामानं भिजली होती," ती म्हणाली. "अन् तुले इतकं चांगलं वाटून राहिलं होतं."

खाली कुणी तरी शीळ घातली. अनुराधानं मीनाच्या बरगड्यांवरचा हात तसाच ठेवला आणि त्या हाताखाली तिला पोरीचा श्वास लागत होता, शांत, तिच्या स्वतःच्या श्वासापेक्षा कितीतरी सावकाश. आपण हिला सांभाळून राहिलो आहोत असं ती अकरा वर्षं समजत आली होती. "मग काय पाहिलंस त्या दिवशी?" तिनं विचारलं. मीना सांगायला लागली, जणू कुणी विचारेल याची तेव्हापासून वाट पाहत होती. कुंपणाच्या बुडाशी मुंगूस होतं. ते दोनदा बाहेर आलं, दोन्ही वेळा फक्त तिलाच दिसलं. एका बाईच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या, एक निळी, एक तपकिरी, आणि त्या बाईला ते माहीत नव्हतं. एका माणसाचा हात मागे होता आणि त्या हातात त्याच्या बायकोच्या नकळत घेतलेली जिलेबी होती. माकडं तिच्याच उंचीवर बसली होती, त्यामुळे ती नीट पाहता आली. हरणाचं नाक ओलं असतं. "लय मजा आली होती," मीना म्हणाली. "वाघाचं काही नाही वाटलं मले."

सूर्य जिनिंगच्या पत्र्यांमागे उतरायला लागला होता. अनुराधाच्या मनात जूनचा विचार आला, आणि तो येऊ नये म्हणून ती गेले कित्येक आठवडे दुसरं काही तरी करत होती. पाचवीनंतर मीनाला मुलींच्या शाळेत जायला हवं होतं, अनुराधा शिकवते त्याच शाळेत. सहावीचे वर्ग माडीवर भरतात, तेव्हा कसं जमणार, असं ती सगळ्यांना सांगत आली होती. मग मागच्या महिन्यात मुख्याध्यापिकांनी आपण होऊन म्हटलं, वर्ग खाली आणू, त्यात काय. त्या दिवसापासून अनुराधाजवळ कारण उरलं नव्हतं. तरी तिनं ठरवलं होतं, घरीच शिकवायचं. त्यामागचं खरं कारण नलिनी होती. नलिनी तिच्याच वर्गात होती, बोलताना अडखळायची, आणि मधल्या सुट्टीत पोरी तिची नक्कल करायच्या. अनुराधानं त्यांना रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. नलिनीनं हळूहळू उत्तरं द्यायचं सोडलं, मग हात वर करायचं सोडलं, आणि आता ती खिडकीजवळ बसून पाटीच्या कडा नखानं खरवडते. मीनाला त्या वर्गात बसलेलं अनुराधानं कितीदा तरी मनात पाहिलं होतं, आणि दर वेळी खिडकीजवळ.

पाळणा हलला. तिनं डोळे मिटले. हिरामण आणि त्याची माणसं चाकाच्या आऱ्यांवर चढली होती आणि स्वतःच्या वजनानं चाक खाली ओढत होती. एक पाळणा खाली गेला की थांबायचं, माणसं उतरवायची, पुन्हा लोंबकळायचं. आकाश वर वर जायला लागलं. मोटारसायकलीचा आवाज, भज्यांच्या तेलाचा वास, धूळ, सगळं एकेक करून परत आलं. तळाशी पोचल्यावर हिरामणनं शालीची गाठ सोडवायचा प्रयत्न केला, ती सुटेना, तेव्हा त्यानं दातांनी सोडवली. "डर गई थी क्या बिटिया?" त्यानं मीनाला उचलताना विचारलं. "मी नाही," मीना म्हणाली.

ती त्याच्या हातांवर होती आणि खुर्ची लांब होती. अनुराधा हाक मारणार तेवढ्यात मीना म्हणाली, "असू दे. मले खालीच बसव." म्हणून अनुराधानं शाल जमिनीवर पसरली आणि मीना तिच्यावर बसली, पाय एका बाजूला ठेवून, बाजारातल्या बांगडीवालीसारखी. तोवर पोरांना कळलं होतं. लाल फितीवालीनं खुर्ची ढकलत आणली आणि हात पाठीमागे घेऊन उभी राहिली. बाकीची तिच्या मागे.

"आम्ही नुसतं पाहून राहिलो होतो, बाई," ती म्हणाली.

अनुराधा बोलायच्या आत मीना म्हणाली, "तुले वळवता येते चांगलं. नाव काय तुहं?"

"कमल. सावरगावची."

"पण मागे घेताना तू लय जोर लावते, कमल. तसं नाही करायचं. तिथं पहिलं थांबवायचं, मंग घ्यायचं. त्याले बसव अन् करून पाह्य."

कमलनं एकाला बसवलं आणि करून पाहिलं. हिरवं स्वेटर मीनासमोर उकिडवं बसून तिच्या पायांकडे पाहत होतं. अनुराधाचा श्वास पुन्हा थोडा थोडा झाला.

"तुह्ये पाय चालत नाही काय?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मंग हे गाडी तुहीच होय?"

"माहीच."

"रोज बसते?"

"रोज."

त्यानं खुर्चीकडे पाहिलं, मग मीनाकडे, आणि त्याच्या तोंडावर असा काही हेवा उमटला की अनुराधाला दुसरीकडे पाहावं लागलं. ती वाट पाहत होती. कुणी हसेल, कुणी चालून दाखवेल, कुणाची आई येऊन पोराला ओढून नेईल. एक आई आलीसुद्धा, तिनं पोराला ओढून नेलंही, पण ते घरी जायला उशीर झाला म्हणून, आणि तो माझा नंबर राहिला म्हणून रडत गेला. मीना शालीवरून नंबर सांगत होती. आता तू, मग तू, तू बसला होता मघाशी, खोटं नको बोलू. तिचा आवाज अनुराधानं असा कधी ऐकला नव्हता. जवळजवळ तिच्या स्वतःच्या वर्गातल्या आवाजासारखा होता.

"आई, आता तू बस," मीना म्हणाली.

"मी कायले बसू?"

"सगळे बसले. तूच राहिली."

पोरं पाहत होती. अनुराधा पदर आवरून खुर्चीत बसली. बैठक पोरांच्या अंगांनी उबदार झाली होती. खुर्ची तिला वाटली होती त्याहून खूप खाली होती. समोरचा बाजार नाहीसा झाला आणि त्या जागी कमरा आल्या, लोंबणारे हात, पिशव्यांच्या तळाशी आलेले ओलसर डाग, एका म्हाताऱ्याच्या धोतराच्या निऱ्या, आईचं बोट धरलेलं एक लहान तोंड, जे तिच्याच उंचीवर होतं आणि तिच्याकडे टक लावून पाहत होतं. खुर्ची निघाली. ढकलणारी कमल आहे हे तिला माहीत होतं, पण कमल दिसत नव्हती. नुसता मागून जोर येत होता आणि डोक्यावरून कुणाचा तरी श्वास. दोन वर्षं ती या जागेच्या मागे उभी राहून बोलत होती, हे बघ, ते बघ, आणि मीनाला तिचं तोंड कधी दिसलं नसणार. तिनं मान वळवली. लाल फितीचं एक टोक दिसलं, बस.

"बाई," मागून कमल म्हणाली, "हे मीना जूनमध्ये आमच्या संग सहावीत येते म्हणते. खरं होय काय?"

"कोण म्हणते?"

"तेच म्हणते. तुम्ही खुर्चीत बसून राहिल्या होत्या तवा सांगतलं तिनं."

अनुराधानं शालीकडे पाहिलं. मीना दोन पोरींना काही तरी समजावत होती, हातांनी चाक कसं धरायचं ते, आणि इकडे पाहत नव्हती. तिच्या पाठीवरून कळत होतं की तिला सगळं ऐकू येतंय. अनुराधाला नलिनीची खिडकी दिसली, पाटीच्या कडा दिसल्या. त्या गेल्या नाहीत. तिथंच राहिल्या, आणि तरी तिचं तोंड बोललं.

"खरं होय," ती म्हणाली. "वर्ग खाली आणून राहिले तिच्यासाठी."

"मंग बरं झालं," कमल म्हणाली. "माही ताई म्हणते, वर लय गरम होते." थोडा वेळ चाकांखाली खडी वाजत राहिली. "बाई, दांडी धरून बसा आता. इथून उतार आहे, अन् मी पळून राहिली."